खाल्लेलं मीठ

सकाळचे सहा. टूसॉनचं वाळवंट अजून गार आहे.
मी यंत्राचे दात तपासतो, ग्रीस भरतो.
आज नाकावर एकशे सात क्रमांक असलेलं.
हुकूम साधा: तळहातापेक्षा मोठा तुकडा उरता कामा नये.
समुद्रापलीकडे एक देश अजून हीच विमानं उडवतो,
त्यांच्या हाती एक बिजागरी लागू नये
म्हणून माझं पोट भरतं.

ओस्ट्रँडर नेब्रास्काहून दोन दिवस ट्रक हाकत आलाय.
वेंडेल ओस्ट्रँडर, वय त्र्याहत्तर.
डेकवर तपकिरी जर्सी घालायचा,
म्हणजे वैमानिक येईपर्यंत विमान ज्याच्या हवाली, तो.
"टॉमकॅट," म्हणतो, "बोका.
तेल गळायचं सतत. गळायचं थांबलं
की समजायचं, आता तेलच संपलं."

मग त्याला कुणी थांबवू शकत नाही.
"दोन सेकंद! बसल्या जागेवरून ताशी दीडशे मैल,
वाफेचा एकच धक्का, पोट पाठीला.
मग पंख. हळू असला की ऐसपैस,
वेग चढला की आपोआप मागे, मागे,
आवाजाच्या दुप्पट जाताना नुसता बाण.
सांगावं लागायचं नाही, त्याचं त्याला कळायचं.
नाकातलं रडार चोवीस जणांवर नजर ठेवणार,
सहा जणांना एकदम निरोप धाडणार,
ते शंभर मैलांवर असतानाच."

"धाडलेत कधी?"
"आमच्या जहाजावरून एकदाही नाही."
हे तो अभिमानानं सांगतो की आणखी कशानं, कळत नाही.

"आणि रात्री उतरणं.
खाली जहाज हलतंय, चार तारा आडव्या,
शेपटीखालचा हूक तिसरीत अडकला तर वा,
नाहीतर पुन्हा पूर्ण जोर, पुन्हा काळोखात फेरी.
मी डेकच्या कडेला उभा. आत दोन माणसं,
पण देवा शपथ, मी विमान परत येण्याची वाट बघायचो.
बायको अजून ऐकवते त्यावरून."

पंख मिटलेले. सोळा वर्षं तसेच.
कापायचे तर आधी उघडायला हवेत.
मी टॉर्च पेटवणार, म्हटलं असेच छाटतो,
तर म्हातारा आडवा आला.
कुठूनसा हातपंप जोडला,
मोजायचं सोडून दिलं इतके दट्टे मारले,
आळीपाळीनं, शिव्या देत.
आधी काहीच नाही.
मग आत कुठंतरी कण्हल्यासारखं,
सांध्यातून एक चिमुकला पक्षी भर्रकन बाहेर,
आणि डावा पंख निघाला.
मग उजवा. सावकाश,
झोपेतून उठलेल्या माणसानं हात ताणावेत तसे.
सावली पार कुंपणापर्यंत गेली.
आम्ही दोघं तिच्यात बसून सिगारेट ओढली.
ओस्ट्रँडर काहीच बोलला नाही, पहिल्यांदाच.

पंख सरकला तिथल्या खोबणीत पांढरं काही साचलेलं.
मी चुना समजलो.
"चाख," तो म्हणाला.
खारट.

मी अन्सेल्मो बुस्तामान्ते, एकोणपन्नास वर्षांचा,
जन्म वाळूत, काम वाळूत,
समुद्र मी पाहिलेला नाही.
माणसं खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे.
जागत असतील.
यानं तर सोळा वर्षं उन्हात ते जपून ठेवलं,
पंखाखाली, कुणाला न दाखवता.

यंत्राला चाळीस मिनिटं लागली.
टायटेनियम आलं की आवाज बदलतो,
मी ऐकायचा नाही असं ठरवलं होतं, ऐकला.
ओस्ट्रँडर तोवर ट्रकमध्ये जाऊन बसला होता,
काच वर, रेडिओ चालू.

निघण्याआधी बोट एकदा पुन्हा जिभेला लावलं.
गेटवर नेहमीसारखी झडती,
खिसे उलटे केले, बूट झटकले.
वर एकशे आठ फॅरनहाइट.
रखवालदारानं पाण्याची बाटली पुढं केली.
मी म्हणालो, नको. घरी जाऊन पितो.