गाळाचं वय

घणसोलीच्या प्लांटवर, खाडीच्या बांधालगत,
रोज सकाळी टाकीतलं एक लिटर पाणी
काचेच्या उभ्या नळीत ओतते
आणि घड्याळ लावते. तीस मिनिटं.

या तीस मिनिटांत काही करायचं नसतं.
ढवळायचं नाही, टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही.
तपकिरी ढग आपला आपण बसतो.
वर उरलेलं पाणी खाडीला तोंड दाखवण्याजोगं आहे का,
एवढंच बघायचं.

होळीच्या आधी गाळ पिळायचं मशीन बंद पडलं.
सुटा भाग कोइमतूरहून यायचा होता.
मढवीसाहेब म्हणाले, राहू दे गाळ आतच,
मुरेल तेवढा बरा.
लोणचं घातल्यासारखं म्हणाले.

आणि पहिले दहा दिवस ते खरंही होतं.
अमोनिया उतरला. वास गेला.
मायक्रोस्कोपखाली सावकाशीतले जीव दिसू लागले,
चाकं फिरवणारे, देठावर डोलणारे,
कोवळ्या गाळात जे टिकतच नाहीत, वाहून जातात.
वहीत मी लिहिलं: उत्तम.
खाली दोन रेघा मारल्या.

पंधराव्या दिवसापासून खायला पुरेना.
सेक्टर तेवढेच, नळ तेवढेच, तोंडं मात्र वाढलेली.
ते एकमेकांना खाऊ लागले, मग स्वतःला.
टाकीवर काळपट साय धरली,
पाण्याच्या फवाऱ्यानंही फाटेना.
नळीत गाळ भराभर बसायचा, फारच भराभर,
कुणी रागानं ताटावरून उठावं तसा,
आणि वर राहायची राख,
टाचणीच्या टोकाएवढी,
कुणाचाही हात न धरलेली.

एकविसाव्या दिवशी नळी विसरले.
पंपाचा ऑपरेटर निलेश भोईर हाक मारत होता, गेले,
दोन तासांनी आले तर
तळाला बसलेला अख्खा गोळा
बारीक बुडबुडे धरून वर आलेला.
बसलेल्यालाही फार वेळ बसवून ठेवलं
की तो उठतो.

सुटा भाग मंगळवारी आला. मशीन रात्रभर चाललं.
पहाटे पट्ट्यावरून ओलसर काळ्या वड्या पडत होत्या,
वास मातीचा.
बांधापलीकडे ओहोटीत निवटे उड्या मारत होते,
त्यांना चिखल किती जुना ते विचारावं लागत नाही.

साहेबांनी फोनवर विचारलं,
मग आता किती दिवस ठेवायचा?
बारा? पंधरा? लेखी द्या.
मी म्हटलं, साहेब,
नुकतीच नळी भरलीये.
अर्ध्या तासानं सांगते.