दहापैकी

रात्रपाळीला मी बर्फाच्या कारखान्यात असतो,
देवगडात, आनंदवाडीच्या बंदरावर.
अमोनियाचा कॉम्प्रेसर मिनिटाला किती धापा टाकतो
हे मला माझ्या नाडीपेक्षा नीट ठाऊक आहे.
म्हणून रस्ट कमिटीचा नवा अल्बम कानात घातला
तेव्हा पहिली तीन गाणी मी ऐकलीच नाहीत,
वाटलं, मशीनच चालू आहे.
परीक्षणात हेच लिहिलं. स्तुती म्हणून.

इंडस्ट्रियल ग्रूव्हला मराठीत काय म्हणायचं?
ठेका म्हटलं की तबला येतो मांडी घालून,
ताल म्हटलं की शाळेतले पेटीवाले पाटकर मास्तर.
मी लिहिलं : गाडी रुतलीय,
आणि रुतलेलं चाक जे गरगरतं, तीच तिची चाल.
कणकवलीचा तुषार, जो हे सगळं झेरॉक्स करून
एकतीस जणांना पोस्टाने पाठवतो,
म्हणाला, वाक्य बरं आहे, पण बेस गिटारचं सांग.
बेस गिटार :
ओहोटीला नांगराची साखळी खडकावरून सरकते, तशी.
सात गुण.

मग आला व्हर्टिब्रल सिल्ट. ब्रुटल डेथ.
एकोणतीस मिनिटं, अकरा गाणी,
श्वास घ्यायला जागा नाही.
ड्रम : क्रशरमध्ये लादी ढकलल्यावर
पहिल्या दोन सेकंदांत जे होतं
ते, न थांबता.
गिटार : खवल्यांच्या उलट फिरवलेली सुरी.
आवाज :
इथे मी पेन खाली ठेवलं.
भरतीचं पाणी गटाराच्या तोंडात घुसतं
आणि आतल्या घाणीला बाहेर यायचं असतं,
दोघांचं भांडण. एवढंच सुचलं. खोडलं.

दुसऱ्या दिवशी घरी स्पीकरवर लावला.
आई मागच्या दारी मुशी कापत होती.
"ह्यो कोण वराडता? गळो धरल्यानी काय तेचो?"
"गाता हा गे."
"मगे शब्द खंय आसत?"
शब्द आहेत, म्हटलं, आतल्या कागदावर छापलेत,
आणि ते तुला वाचून दाखवण्यासारखे नाहीत.

तेवढ्यात पडवीतून सावळाराममामा बोलला.
चार वर्षांपूर्वी तंबाखूपायी
मुंबईला त्याचं स्वरयंत्र काढलं
आणि हातात खरोखरचं यंत्र दिलं,
टॉर्चएवढं, सेलवर चालणारं.
ते गळ्याला लावून तो गुरगुरतो,
एकाच सुरात, होडीचं इंजिन दूर जाताना येतो तसा.
पाहुणे मान हलवतात उगाच. शेजारची पोरं पळतात.
आई मान न वळवता म्हणाली,
"साखर संपली हा. गुळाची करतंय."

मी गाणं मागे नेलं. पुन्हा लावलं.
मामा खुर्ची ओढत स्पीकरजवळ आला,
डोळे मिटून दोन गाणी ऐकली,
मग यंत्र गळ्याला लावलं आणि सामील झाला.
गायकापेक्षा अर्धा सूर वर, पण अडखळला नाही कुठेच.
शेवटी हसला. त्याच्या हसण्याला आवाज नसतो,
फक्त खांदे हलतात.
आईने सुरी धुतली. "दोघांय सारकेच,"
एवढं बोलून मुशीचं डोकं मांजराला टाकलं.

रात्री कारखान्यात लिहिलं :
या गायकाचे शब्द कळायचे तर
त्याच्यासोबत चार वर्षं एका घरात राहावं लागेल.
माझ्याकडे मंगळवारपर्यंतचीच मुदत आहे.
तुषारने विचारलं, याचा अर्थ काय?
ठेव, म्हटलं, राहू दे.

पहाटे चारला ट्रॉलरवाले आले, वीस लाद्या हव्यात.
क्रशर सुरू केला. गमबुटात पाणी गेलेलं,
कागदाचा एक कोपरा भिजलेला. तिथेच खाली लिहिलं :
साडेसहा. ड्रमर घाई करतो,
आणि शेवटचं गाणं संपवता आलेलं नाही, नुसतं तोडलंय.

मामाच्या मते आठ.
आईने सांगितलं.