माप मिलिमीटरमध्ये

आगेदा गावात, नदीला लागून
बिजागऱ्यांचा कारखाना.
भिंतीवर कमरेएवढी पुराची मळकट रेघ;
तिच्या खालचे खण कुणी उघडत नाही.
मला तीन महिन्यांत कॅटलॉग करायचाय
आणि वेबसाइट, फोनवरही नीट दिसेल अशी.

एक हजार एकशे बारा वस्तू.
प्रत्येकीचा फोटो, पार्श्वभूमी पांढरी,
सावली पुसलेली.
मी पितळ पुसते, स्टील पुसते, बोटांचे ठसे पुसते.
संध्याकाळी माझ्याच बोटांना तेलाचा वास येतो
आणि पाव धातूसारखा लागतो.

गोदामातला फिर्मीनु मागे उभा राहून बघतो.
"दार कुठंय?"
मी म्हणते, दार नको. ग्राहकाला वस्तू दिसली पाहिजे.
"दाराशिवाय ही म्हणजे," तो म्हणतो,
"दोन पत्रे आणि एक खीळ."
माझ्याकडे उत्तर होतं,
पण ते पोर्तोच्या मीटिंगमध्ये चालणारं.

मालकीणबाई देओलिंडा रकाने पाडते:
घरगुती. औद्योगिक. जहाजी.
शवपेट्यांच्या बिजागऱ्या कुठे टाकायच्या?
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग त्या 'इतर'मध्ये गेल्या,
मांजराच्या झडपेशेजारी.

बुधवारी फोन वाजला.
फिर्मीनुनं तो स्पीकरवर टाकला, मुद्दाम, मला ऐकवायला.
ब्रागान्सातली कुणी बाई.
क्रमांक ठाऊक नाही, माप ठाऊक नाही,
दार मात्र जुनं, खालच्या खोलीचं.
"उघडा," तो म्हणाला. "आता लावा. सावकाश. पुन्हा."
डोंगरांपलीकडे एक दार कण्हलं.
त्यानं डोळे मिटले होते.
"चारशे सतरा. डावी.
वरची झिजलीय. खालची नका बदलू, ती तुम्हाला पुरून उरेल."

चारशे सतरा आम्ही गेल्याच आठवड्यात काढली होती.
साचा भंगारात,
एक्सेलमध्ये तांबडी ओळ.

तो रेघेखाली वाकला,
खणाला गुडघा टेकवून ओढला, शिवी दिली, ओढला.
मेणकागदात गुंडाळलेल्या अकरा निघाल्या.
"दहा," तो म्हणाला,
एक खिशात टाकत.

शोधायच्या चौकटीत काय लिहिणार माणसं?
कर्रर्र? कुईं?
की नुसतं, रात्री उठलं की सगळ्यांना जाग येते?
वास्कु, आमचा प्रोग्रामर पोरगा, म्हणाला
आवाज अपलोड करायचं बटण देतो, दोन दिवसांचं काम.
देशील रे.
ऐकणार कोण?

शेवटी संपर्काच्या पानावर, ईमेलच्या वर,
मी एक नंबर टाकला.
सोमवार ते शुक्रवार, जेवणाची सुट्टी सोडून.
आणि खाली, किमतींच्याच बारीक टायपात:
फोन करताना दाराजवळ उभे राहावे.

प्रूफ परत आलं.
देओलिंडानं स्वल्पविराम सुधारलेत,
जहाजीतल्या दोन किमती वाढवल्यात.
त्या ओळीला हात लावला नाही.
समासात फक्त पेन्सिलीनं, पुसता येईल इतकं फिकट:
मार्चमध्ये तो निवृत्त झाल्यावर?