अंगठा

विडी घरकुलच्या रेशन दुकानात
यंत्र भूदेवीअक्काला म्हणतं, पुन्हा ठेवा.
ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा ठेवते.
पुन्हा ठेवा.
तेंदूच्या पानांनी रेषा केव्हाच नेल्यात.

नातू म्हणतो, आता सगळीकडे कॉम्प्युटर असतो, अव्वा.
मीटरात, पाण्याच्या टाकीत,
चहावाल्याच्या त्या बोलक्या डबीत.
दिसत नाही, इतकंच.

ती सुपावर वाकलेली.
सोलापूरचं ऊन दारात येऊन बसलेलं.
शेजारणीशी तेलुगूत भांडता भांडता
पंचविसाव्या विडीला हात आपोआप थांबतो,
कट्टा बांधतो.
एक कमी नाही, एक जास्त नाही.

नातू तिचा अंगठा उजेडात धरतो.
गुळगुळीत.
इथं तर काहीच दिसत नाही, अव्वा.

मग?
आत्ताच म्हणालास की.