सातवीपासून पुढे

पोलीस ठाण्यात दहाही बोटं काळी करून आले
तेव्हा आई म्हणाली, आता जेवशील कशी?
चमच्यानं, म्हटलं.

डिग्री प्रिटोरियाला गेलीय, शिक्का घ्यायला.
कुरिअरचे तीनशे ऐंशी रँड,
आणि ती परत येईस्तोवर
चारित्र्याच्या दाखल्याची मुदत संपत आलेली.
तो पुन्हा काढायचा म्हणजे पुन्हा शाई.

विमानाचे पैसे कोरियात पोचल्यावर भरून देतात.
पोचल्यावर.
तोवर नोसिफो मावशीची भिशी:
डिसेंबरचा नंबर तिचा होता, तो तिनं मला सोडला
आणि छपराचे पत्रे पुढच्या वर्षावर ढकलले.
वर म्हणाली, गळतं ते फक्त चुलीपाशीच.

एक कागद राहिला होता.
सातवीपासून पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीतच झालं
असं शाळेनं लिहून द्यायचं.
म्टाटाहून दोन टॅक्सी बदलून त्सोलोला गेले.
माबांडला सरांनी चष्मा पुसला,
दोनदा वाचलं, सही केली.

ह्याच सरांनी अपूर्णांक शिकवले होते
पाव मोडून, खोसात,
कारण इंग्रजीत आम्हाला
भागच जात नव्हता.

"खोटं नाही हं लिहिलेलं," सर म्हणाले.
"पुस्तकं इंग्रजीच होती."

रात्री कागद लावत बसले होते.
आईनं दिवा जवळ सरकवला, विचारलं,
तिकडची पोरं ऐकेनाशी झाली
तर ओरडशील कुठल्या भाषेत?

मी फायलीला रबर लावलं.
मग काढून
परत एकदा लावलं.