प्रश्न तिसरा

भिंतीवरची ओल झाकायला
पांढरी चादर टाचली आहे, सहा पिनांनी.
वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा,
टेबल-लॅम्प तांदळाच्या डब्यावर.
खालच्या खोलीतल्या किअरनला बजावून ठेवलंय,
अकरा ते साडेअकरा
नळसुद्धा सोडायचा नाही.

पडद्यावर प्रश्न येतो.
तयारीसाठी तीस सेकंद, उत्तराला नव्वद.
पलीकडे कुणीच नाही.
एका चौकटीत माझाच चेहरा,
दाखवायला बसवलेल्या मुलीसारखा.
फक्त पोहे नाहीत, आणि पाहुणेही.

प्रश्न पहिला: आमच्याकडेच का?
आतापर्यंत दोनशे चौदा ठिकाणी
मी शपथेवर सांगितलंय, तुमच्याकडेच.

प्रश्न दुसरा: नेतृत्व केल्याचा एखादा प्रसंग.
शुक्रवारची रात्र, रांग दाराबाहेर,
कढईतलं तेल काळं पडलेलं,
नवा पोरगा रडकुंडीला आलेला.
मी म्हटलं, तू फक्त चिप्सवर लाल मसाला मार,
बाकीचं मी बघते.
हे मी सांगत नाही.
मी सांगते एम.एस्सी.च्या त्या प्रोजेक्टबद्दल
ज्यात चौघांपैकी तिघे गायब होते.
बोटांना अजून मसाल्याचा वास आहे.
बरं आहे, कॅमेऱ्याला नाक नसतं.

प्रश्न तिसरा: तुम्ही अपयशी ठरलात
अशी एखादी वेळ सांगा.
तीस.
एकोणतीस.
खिडकीबाहेर हल शहर, हंबर नदीवरून येणारा मातकट वारा,
कोपऱ्यावर दुधी रंगाचा टेलिफोनचा डबा,
ज्यातून आता कुणी कुणाला हाक मारत नाही.
व्हिसाचे एकशे अकरा दिवस.
चौदा.
तेरा.
मग लाल टिंब पेटतं
आणि मी एक गोल, गुळगुळीत,
धडा शिकलेलं अपयश सांगते.
शेवटी हसते.
तरी अकरा सेकंद उरतातच.
त्या अकरा सेकंदांत मी नुसती बसून राहते,
बोलणं संपलं तरी
पाहुण्यांसमोरून उठता येत नाही, तशी.

रात्री फोनवर बाबा:
समोर किती जण होते?
एकच, मी म्हणते.
मोठे साहेब?
नाही. मी.
इचलकरंजीत थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही.
मग म्हणतात, आमच्या वेळी
उंबरठे झिजवावे लागायचे गं.
मी म्हणत नाही, की बाबा,
उंबरठा असला की आत कुणीतरी असतं.
हाकलायला का होईना.

बुधवारी तीच नोकरी, किअरन.
विदर्नसीचा, बाविशीतला,
दोन वर्षं कॅरव्हानच्या कारखान्यात
पडद्यांचे रूळ ठोकत होता, मग कारखान्याने पाळी कमी केली.
त्याला व्हिसाची चिंता नाही.
त्याला दर मंगळवारी जॉबसेंटरमध्ये
सिद्ध करावं लागतं, की तो शोधतोय.
माझीच चादर, माझाच लॅम्प, तांदळाचा डबाही.
मी जिन्यात बसते, नळ बंद करून.
दाराआडून कळतं, तो तिसऱ्या प्रश्नाला थांबलाय.
खूप वेळ थांबलाय.
मग एकच वाक्य:
आत्ताची वेळ चालेल का?

शुक्रवारी चार वाजून सात मिनिटांनी
एकाच ओट्यावर दोघांचे फोन वाजले.
प्रिय किअरन.
प्रिय वाय जँटी.
यंत्राने ऐकलं तसं माझं नाव;
पुढे शब्दन्‌शब्द तोच.
त्याने दोन्ही फोन शेजारी ठेवून
फरक शोधावा तसं वाचलं, आणि म्हणाला,
हे खरं म्हणतात कसं?
वै, मी म्हटलं. ज. यं. ती.
तीनदा त्याची जीभ ज-वर घसरली.
चौथ्यांदा जवळपास जमलं,
तोवर भात उतू गेला.

चादर काढलेली नाही.
सोमवारी त्याची आहे, बुधवारी माझी.
एक पिन कुठेतरी पडली आहे,
अनवाणी फिरू नकोस, मी त्याला सांगितलंय.