हजेरी

शर्वाणी पावणेदोनला आली.
कंपनीनं सुपर कॉरिडॉरच्या हॉटेलात खोली दिलेली,
पण म्हणाली, बाबा, तिथे पडद्याच्या फटीतून उजेड येतो.
परदेशीपुऱ्यातल्या आपल्या खोलीला पडदाच नाही.
मी खिडकीवर सतरंजी ठोकली.

टोपी फ्रिजवर. शर्ट खुंटीला, खांद्यावर तीन पट्ट्या.
आडवं होण्याआधी तिनं मोबाइलवर रोस्टर दाखवलं:
सोमवार पहाट, मंगळवार पहाट, बुधवार मध्यरात्र,
मग 'विश्रांती',
तिच्यातले दोन तास टॅक्सीची वाट बघण्याचे.

मी सतरा वर्षं टाइमकीपर होतो, मिल बंद पडेपर्यंत.
तक्ते मला वाचता येतात.
तक्त्यात घड्याळ लगेच दिसतं,
माणूस हुडकावा लागतो.

विचारलं, पगार कसा धरतात गं?
एका आकड्यापुढे तासावर, म्हणाली.
विमानाची चाकं हलली की सुरू, थांबली की बंद.
आणि परवा ग्वाल्हेरला धुक्यात तीन तास बसून होतीस, ते?
ती हसली. डोळे मिटूनच.

आमचे विणकर तुकड्यावर असायचे.
धागा तुटला, माग उभा राहिला, की मजुरीही उभी.
म्हणून माग कुणी उभा करायचं नाही,
डोळा लागला तरी.
सपकाळे तिसरी पाळी करून पहिलीलाही थांबला,
बहिणीचं लग्न तोंडावर होतं.
दोन्ही रकान्यांत 'ह' मी लिहिला.
साडेनऊला त्याची दोन बोटं गेली.
चौकशीत ठरलं, निष्काळजीपणा.
हजेरी चोख निघाली.
माझं अक्षर फार सुरेख होतं, साहेब म्हणाले.

चारला फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला.
पलीकडे गुडगावचा कुणी मुलगा:
"मॅम, एक रायपूर जोड दूँ? लिमिट में है."
शर्वाणी उठून बसली.
फ्लाइंग स्कूलचं कर्ज अजून सहा वर्षांचं, जामीन मी.
एका फेरीचे किती मिळतात, मला तोंडपाठ.
मी गप्प राहिलो. हेही इथे लिहून ठेवतो.

"नहीं होगा. थकान का फॉर्म भेज रही हूँ."
"मॅम, पैसे कटेंगे. इस महीने का दूसरा है."
"पता है."
जरा थांबून तिनं त्याला विचारलं,
"तुम कब से बैठे हो?"
पलीकडे कुणीतरी जांभई गिळल्याचा आवाज.
मग फोन बंद.

उजाडता उजाडता कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली.
मी बनियनवरच धावलो,
भिया, एवढी गल्ली तरी मुक्यानं जा.
त्यानं माझ्याकडे, मग खिडकीवरच्या सतरंजीकडे पाहिलं,
आणि बटण दाबलं.

ट्रंकेतून जुनी वही काढली. आखीव पानं अजून उरलीत.
नाव: शर्वाणी.
पाळी: झोप.
पासून: चार वाजून दहा.
पर्यंत:

सव्वादहा झाले. पोहे निवले, वरचे शेव मऊ पडले.
पेनाचं टोपण उघडं आहे.
हा रकाना
ती उठल्याशिवाय भरायचा नाही.